पायाळूची उसण

मी पायाळू हाय. म्हंजे माणसं आईच्या पोटातनं डोस्क्यानं येत्यात, मी पायानं आलो. यात माझी करामत काय न्हाई. करामत असलीच तर आईची, आन ती तिनं कशी भोगली ते तिचं तिलाच ठावं. पण आमच्या कोरेगावकडं पायाळू माणसाला मान लय. कुणाच्या कमरंत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की त्येनं पायाळूच्या घरी जायाचं, उंबऱ्याशी पालथं पडायचं, आन पायाळूनं दुखत्या जाग्यावर डावा पाय तीनदा लावायचा. उसण पळती म्हणत्यात. पैसं घ्यायचं न्हाईत, घेतलं की पायाचा गुण जातो. नारळ चालतो, सुपारी चालती.

खोटं कशाला बोलू, मला त्या पायाची लय चढली हुती. एरवी मला कोण इचारतंय? भावकीची बैठक बसली की माझं बोलणं सुरू व्हायच्या आत लोक तंबाखू मळायला घ्यायचं. पण सकाळी उंबऱ्यात कोण पालथा पडलेला दिसला की माझी चाल बदलायची. आधी मी पाय धुवायचो, मग धोतराचा सोगा खोचायचो, मग मोठा डाक्टर असल्यागत "कवापासनं?" म्हणून इचारायचो. पाय लावून झाला की म्हणायचो, "बरं वाटलं न्हवं?" खालनं आवाज यायचा, "व्हय लालासाब, लय बरं वाटलं." एकदा तर कोरेगावचा फौजदार येऊन पालथा पडला. फौजदाराला लाथ मारून वर त्येच्याकडनंच नारळ घेणारा सातारा जिल्ह्यात मी एकटाच असंन. ही गोष्ट मी वरीसभर ज्येला त्येला सांगत हुतो, काई जणास्नी दोनदा सांगितली.

पायाळूवर वीज पडती असं बी म्हणत्यात. म्हणून आई मला ढग आलं की भाईर पडू देत नसे. आई गेली, पण मी तो नेम मोडला न्हाई. आभाळ गडगडलं की मी घरात घोंगडीवर, आन रानातनं म्हशी आणायला माझी बायको राहीबाई भाईर. ती काय पायाळू न्हवती.

कोयनेचा भूकंप व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. त्येच्या मागल्या गुऱ्हाळात उसाची मोळी उतरताना राहीबाईचा उजवा खांदा लचकला. घरातच वैद्य असल्यावर दुसरीकडं कशाला जाती? मी पाय लावला. म्हणली, बरं वाटलं. आठवड्यानं परत दुखाय लागलं, परत पाय लावला, परत बरं वाटलं. असं बरं वाटत वाटत वरीस गेलं आन तिचा हात छातीच्या वर जाईना झाला. शेजारची रंगूबाई येऊन तिची येणी घालून द्यायची. भाकरी ती डाव्या हातानं थापाय लागली आन ती जाड व्हाय लागली. एवढा गावाचा वैद्य मी, पण भाकरी जाड का झाली ते काय माझ्या ध्येनात आलं न्हाई. मी आपला ताटावर बसून तिच्या माहेराचा उद्धार करायचो.

तिचा भाऊ हंबीरराव मिल्ट्रीत हवालदार. तो रजंवर आला आन बहिणीनं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला तवाच त्येच्या ध्येनात आलं. पुण्याच्या मिल्ट्री दवाखान्यात त्येच्या गुडघ्यावर कसलंसं मशीन फिरवलं हुतं. तसलंच मशीन सांगलीला एका डाक्टरीणबाईकडं आलंय, असं त्येनं ऐकलं हुतं. त्या मशीनमधनं आवाज निघतो, तो मासात शिरतो, आतली सूज उतरवतो आन धरलेल्या शिरा मोकळ्या करतो. पण तो आवाज माणसाला ऐकू येत न्हाई. मी हसून हसून बेजार झालो. ऐकू येत न्हाई तर आवाज कसला? आमच्या गावचा हलगीवाला असं म्हणला तर त्येला कोण सुपारी दील का?

हंबीरराव हसला न्हाई. म्हणला, "दाजी, चेष्टा करू नगा. खांदा आता जखडला तर जन्माचा जखडंल."

खरं सांगायचं तर आवाजाचं मला काय पडलं नव्हतं. मला दिसत हुती कोरेगाव टेसनावरची माणसं. हा गावाची उसण काढतो आन ह्येची बायको सांगलीला जाती, असं म्हणत दात काढणारी. म्हणून मी छाती फुगवून म्हणलो, माझा पाय घरात आस्ताना मशीन कशाला? हंबीरराव माझ्या पायाकडं बराच येळ बघत बसला. मग रजा संपली आन तो गेला. राहीबाई चुलीकडं वळली.

आता देवाच्या दारी न्याय असतो म्हणत्यात तो कसा असतो बघा. कोंडीबा म्हणून आमच्यात एक दांडगा गडी हाय, पाठ ही एवढी रुंद. तो पालथा पडला, मी ऐटीत पाय उचलला, आन माझ्याच कमरंत अशी चमक निघाली की डोळ्यापुढं काजवं. मी हुतो तसा त्येच्या पाठीवर आडवा झालो. कोंडीबाला वाटलं, आज इलाज जरा जोराचा दिसतोय. तो खालनं म्हणला, लय बरं वाटलं. मग मला अलगद बाजूला सारलं, नारळ ठेवला आन गेला.

गावातल्या उसणीवर मी, पण माझ्या उसणीवर कोण? माझाच पाय, माझीच कंबर, मधी हातभर बी अंतर न्हाई. मी म्हणलो, आपणच लावून घेऊ. भिताडाला धरून पाय मागनं वळवाय गेलो आन असा काय अडकलो की राहीबाईनं आन रंगूबाईनं मिळून मला सोडवला. पंचक्रोशीत दुसरा पायाळू मिळंना. मग धनाजी, म्हंजे आमच्या भावकीतला माझा चुलतभाऊ, आपलं रेडकू घेऊन आला. ते मागच्या पायानं जन्मलं हुतं, म्हंजे जनावरातलं पायाळूच की. मी नगं नगं म्हणूस्तवर त्येनं रेडकाचा खूर माझ्या कमरंवर टेकवला. रेडकानं खूर तर लावलाच, वर शेण बी टाकलं. दारात जमलेल्या माणसांनी मला इचारलं, बरं वाटलं का? मी म्हणलो, व्हय. दुसरं काय म्हणणार, धनाजी बिचारा रेडकू उचलून आणताना घामाघूम झाला हुता.

बिब्बा झाला, शेक झाला, निरगुडीचा पाला झाला. कूस बदलायची म्हणली तर आईची आठवण यायची. शेवटी एक दिवस मी राहीबाईला हळूच इचारलं, हंबीररावानं ते सांगलीचं काय सांगितलं हुतं गं? तिच्या वरीसभराच्या दुखण्याला जे थोतांड हुतं, ते माझ्या आठवड्याच्या उसणीला इलाज झालं. राहीबाई एवढंच म्हणली, "चला." गावात आमी सांगितलं, सांगलीला पावण्यात बारसं हाय. कोरेगावास्नं मिरजंपर्यंत रेल्वे आन तिथनं सांगलीपर्यंत एष्टी, मी सगळ्या वाटंनं तिच्या डाव्या खांद्यावर रेललेला.

डाक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. पांढरा कोट, बोलणं शहरी पण गोड. मशीन म्हंजे एक करड्या रंगाची लोखंडी पेटी, तिला एक घड्याळ, एक फिरवायची कळ, आन वायरीच्या टोकाला मुठीएवढा गुळगुळीत धातूचा गट्टू. मी आल्या आल्या हुशारी दाखवली, म्हणलो आवाज कुठं हाय? बाईंनी गट्टू उपडा केला, त्यावर पाण्याचं दोन थेंब टाकलं आन कळ फिरवली. थेंब नाचाय लागलं, त्येचा भुगा होऊन उडाय लागला, आन कानाला मातर काईच न्हाई. बाई म्हणल्या, हा आवाज हवेतून जात नाही, म्हणून कातडीवर तेल लावून मगच गट्टू फिरवायचा. एवढं बोलून त्यांनी कळ परत मागं घेतली आन मला टेबलावर पालथं पडाय सांगितलं.

आजवर मी लोकास्नी पालथं पाडत आलो, रेडकाची खेप सोडली तर पालथा पडलो तो त्या दिवशी. खालनं जग निराळंच दिसतं. फरशी दिसती आन दुसऱ्याचं पाय दिसत्यात. बाईंनी कमरंवर गार तेल सोडलं आन गट्टू गोल गोल फिरवाय लागल्या. मी थोडा येळ वाट बघितली. मग म्हणलो, "बरं वाटलं बाई. लय फरक पडला."

बाई थांबल्या. "अहो, मी अजून मशीन सुरू केलेलं नाही. नुसतं तेल पसरतेय."

आता मला सांगा, मी ते का म्हणलो? दुखणं हुतं तसंच हुतं, उलट टेबलावर चढताना वाढलंच हुतं. पण एवढी शिकलेली बाई आपल्या कमरंची सेवा करतीया, तिला वाईट कशाला वाटू द्या, असं मनात आलं आन तोंडातनं आपसूक निघून गेलं. आन टेबलावर पडल्या पडल्या माझ्या डोस्क्यात उजेड पडाय लागला. कोंडीबा. कोंडीबाची आई. वरल्या आळीचं सगळं म्हातारं. अरं देवा, फौजदार सुदीक माझी समजूत काढत हुता!

तेवढ्यात मागं राहीबाई हसली. स्टुलावर बसली हुती, तोंडावर पदर धरून हसाय लागली, आन मग पदर बी सुटला. लगीन झाल्यापासनं तिला एवढी हसताना मी बघितली नव्हती. आन हसता हसता एकदम उजवा खांदा डाव्या हातानं गच्च धरून गप झाली. तोंड पांढरंफटक पडलं. साधं हसायला बी त्या खांद्याची परवानगी लागत हुती.

बाईंनी मला तसाच तेलात सोडला आन तिच्याकडं गेल्या. हात वर करा म्हणल्या. हात छातीपर्यंत आला आन थांबला. बाईंनी धरून वर न्यायला बघितला तर राहीबाईनं व्हट दातात धरला. कवापासनं, काय इलाज केला, असं बाईंनी इचारलं. राहीबाईनं माझ्याकडं बघितलं आन बाईंना म्हणली, ह्ये पाय लावत्यात, त्येनं बरं वाटतं. हे बी तिनं तसंच म्हणलं, जसं मी आत्ता म्हणलो हुतो.

मी टेबलावरनं मान वळवली. कमरंतनं कळ गेली, पण वळवली.

"राहे," मी म्हणलो, "खरं सांग. माझ्या पायानं तुला कवा बरं वाटलं का?"

"न्हाई."

"एकदा बी?"

"जड हाय तुमचा पाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

तिनं पदर सारखा केला. "तुमी इचारत कुठं हुता? बरं वाटलं न्हवं, असं म्हणायचा. त्येला दुसरं उत्तर असतंय व्हय?"

बाई भल्या, त्यांनी खिडकीभाईर बघितलं. मग मी म्हणलो, बाई, आदी हिचं बघा, माझं राहू द्या. तसं म्हणताना मला वाटलं आपण लय मोठा त्याग करतोय. पण बाई म्हणल्या, तुमचं राहिलं तरी चालतंय. अशी उसण बहुतेकांची आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते, काही करा नाहीतर करू नका. घ्या! म्हंजे आजवर जेवढी उसण गावातनं पळाली ती आपल्या पायानं चालत गेली हुती, आन नारळ मातर मी खाल्लं.

तरी बाईंनी मशीन माझ्यावर बी फिरवलं. कायबी जाणवलं न्हाई, जरा ऊब आल्यागत वाटलं. बरं वाटलं का म्हणून त्यांनी इचारलं तवा मी आदी मशीन सुरू हाय का ते बघून घेतलं आन मग सांगितलं, बाई, थोडंच.

राहीबाईच्या खांद्याचं मातर येगळं निघालं. शिरेला इजा झाली हुती, आन हात हालवायचा सोडल्यामुळं सांधा धरला हुता. बाईंनी स्पष्ट सांगितलं, मशीन म्हणजे जादू नाही. त्यानं दुखणं कमी होईल, आतलं जरा मोकळं होईल, पण हात तिचा तिलाच वर न्यावा लागंल. आठवड्यातनं दोनदा यायचं, बरंच दिवस. आन घरी भिताडापुढं हुभं राहून बोटं मुंगीगत वर वर चढवत न्यायची, दुखलं तरी रोज.

आठवड्यातनं दोनदा म्हणल्यावर बारशाचं सोंग किती दिवस पुरणार? पुढच्याच खेपंला कोरेगाव टेसनावर धनाजी भेटला. म्हणला, परत बारसं का? त्येच त्या पावण्यात? राहीबाई माझ्याकडं बघत हुती. मी काय सांगतो त्यावर ती गाडीत बसणार का माघारी फिरणार ते ठरणार हुतं, हे मला तिच्या तोंडावर दिसत हुतं. मी म्हणलो, न्हाई रं गड्या, हिचा खांदा दाखवायला सांगलीला निघालोय.

"आन तुमचा पाय?" धनाजीनं इचारलं.

"त्यो बी निघालाय. तिला पोचवायला."

धनाजी हसत हसत गावाकडं पळाला. आमी सांगलीस्नं परत यायच्या आत सगळ्या गावाला ठावं झालं हुतं. उंबऱ्यात पालथी पडणारी माणसं कमी झाली. एकदोन जण चुकून आलं तर मी सांगायचो, घरी जा, आठ दिवस दम धरा, आपोआप जाईल. त्येंला ते आवडायचं न्हाई. लाथ न मारता माघारी लावलं म्हणून एक म्हातारी माझ्यावर रुसली, ती आजून बोलत न्हाई. आन मला बी लय वाईट वाटायचं, का वाटू नये? पाय गेला की लालासाहेबाकडं उरतंय काय, हे मला सगळ्यात चांगलं ठावं हुतं.

राहीबाई रोज भिताडाला बोटं लावून हुभी राहायची. बोटं वर सरकायची, थांबायची, तिचं डोळं भरायचं, परत सरकायची. मी मागं हुभा राहून अजून, अजून म्हणून वरडायचो. एक दिवस तिनं सांगितलं, वरडू नगा, त्येनं हात वर जात न्हाई, त्यापरास चुलीकडं बघा. तवापासनं भाकरी मी थापाय लागलो. जाड तर झाल्याच, पण एकीचा बी आकार दुसरीला जुळंना. ती खायची आन खरं सांगायची, कच्ची हाय. आता ती मला सगळंच खरं सांगाय लागली हुती. माझं घोरणं, माझं बढाई मारणं, पावसात म्हशी आणायला तिला धाडणं. वरीसानुवरसाचं साचलेलं. मला ऐकवत नसे, पण ऐकायचो.

खांदा हळूहळू सुटला. आदी हात गळ्यापर्यंत आला, मग कानापर्यंत. ज्या दिवशी तिनं सोताची येणी सोता घातली त्या दिवशी रंगूबाईला आमी च्याला बोलवलं. पण कानाच्या वर हात गेला की काईतरी आडवं यायचं.

शेवटच्या खेपंला बाईंनी हात धरून सगळ्या बाजूनं फिरवून बघितला. म्हणल्या, खूप चांगलं झालं, कामापुरता हात आला. पण वरचं राहिलंय ते आता येणार नाही. दुखल्या दुखल्या लगेच आला असतात तर हात पूर्ण वर गेला असता. त्यांनी ते रागानं म्हणलं न्हाई, हात पुसत पुसत म्हणल्या. राहीबाई म्हणली, एवढा लय झाला बाई.

येताना सांगलीच्या बाजारातनं तिनं हळद, भांडी असं कायबाय घेतलं आन त्येचं गठुडं बांधलं. कोरेगावला उतरल्यावर ते डोक्यावर घ्यायला गेली. डाव्या हातानं उचलून डोक्यावर ठेवलं, उजवा हात धरायला वर नेला, आन तो गठुड्याच्या खालीच थांबला. गठुडं कलंडलं. तिनं ते खाली घेतलं.

"न्हाई जात," ती म्हणली. रुसून न्हाई, पाणी गार हाय म्हणावं तसं. "आता जाणार बी न्हाई."

मी गठुडं उचललं आन पटक्यावर ठेवलं. आमच्यात पुरुषमाणूस डोक्यावर गठुडं घेऊन बायकोबरोबर चालत न्हाई. पेठंतनं आमी निघालो तसं च्याच्या हाटेलात बसलेला कोंडीबा भाईर आला, त्येच्या मागनं आणखी चार जण आलं. कुणीतरी म्हणलं, लालासाब, हे काय नवीन? मी सरळ चालत राहिलो. भांडी डगमगाय लागली.

"दोनी हातानी धरा," राहीबाई मागनं म्हणली.

मी दोनी हात वर केलं. ते सरळ वर गेलं, कुठं अडलं न्हाई, कुठं दुखलं न्हाई. आन भर पेठंत, त्या सगळ्यांच्या पुढं, मला रडू आलं, आन डोळं पुसायला एक बी हात मोकळा नव्हता.